कानपिळीचा चाकू

केशोरी, ता. ११ फेब्रुवारी १९३५

सुशिलाबाईस धाकट्या भावाचा नमस्कार.

पहिल्या ओळीत सर्व खुशाल असं लिहायची रीत आहे. मी लिहीत नाही. नागपूरचं कॉलेज सोडून आज नऊ दिवस झाले आणि नऊ दिवसांपासून बाबा माझ्याशी बैलामार्फत बोलतात. मी गोठ्यात गेलो की म्हणतात, "ढवळ्या, तू शिकला असता तर मामलेदार झाला असता. पन तुले चाकू पायजे." ढवळ्या वैरण खात राहतो. मी शेण भरत राहतो.

तू मोठी बहीण आहेस, म्हणून खरं काय ते तुला सांगतो. तर्कशास्त्राचा तास होता. मी शेवटच्या बाकावर चाकूची धार पाहत होतो. नवी धार लाकडावरच पाहावी लागते, म्हणून एक अक्षर कोरलं. कोणतं ते विचारू नकोस. पातं मिटताना टच्च आवाज झाला. त्या चाकूचा आवाजच तसा आहे, पाठीची कमान घट्ट आहे ना. प्रोफेसर खाली आले, चाकू घेतला, खणात ठेवून कुलूप लावलं आणि म्हणाले, "माफी लिहून द्या, मग मिळेल." मी म्हटलं, माफी खणाने मागावी. पुढचं तू समजून घे. खणाचं कुलूप तकलादू होतं. चाकू माझ्यापाशी आहे, कॉलेज त्यांच्यापाशी.

लोक म्हणतात एका चाकूपायी. त्यांनी तो हातात घेऊन पाहिलेला नाही. दोन्ही अंगांना सांबरशिंग, आत पितळेचे पत्रे, तीन खिळे, आणि कुठेही नखभर फट नाही. मोठं पातं आंबा, दोरी, वेळू, काहीही कापतं. लहान पातं बोरू तासण्यासाठी. उघडायला पात्यावर नखापुरती खाच. एका बाजूचं शिंग तुझ्या सासऱ्यांच्या, मामाजींच्या अंगठ्याने घासून गुळगुळीत झालं आहे. कोणा साहेबाने त्यांना तो दिला, तेव्हापासून वीस वर्षं त्यांनी वापरला. माझा अंगठा तिथे बरोबर बसत नाही, जरा पुढे पडतो. आता तिथेही घासायला लागलं आहे.

तुला आठवत असेल, तुझ्या लग्नात मी भाऊजींचा कान पिळला तेव्हा धोतर देऊ केलं, मी नको म्हटलं. फेटा, नको म्हटलं. तुझे सासरे खिशातल्या चाकूने नारळाची शेंडी कापत होते, तो मागितला. मी चौदा वर्षांचा होतो. भाऊजींचा कान जांभळा झाला, तेव्हा कुठे मामाजींनी दिला.

आता मुख्य मजकूर. शामकलेचं लग्न ठरत आहे असं ऐकतो. तुझी नणंद आहे म्हणून तुला सांगतो, माझ्याशी ठरव. कॉलेजातून मी का आलो, याचं निम्मं कारण चाकू आहे. उरलेलं निम्मं तुला कळलं असेल. मामाजींना तू सांग. मी सांगायला गेलो तर आवाज चढेल.

तुझा
जागेश्वर

ता. क. ती काही म्हणाली का?


कामठा, ता. १९ फेब्रुवारी १९३५

जागेश्वर, तुला आशीर्वाद द्यायचा की थापड, हे ठरवायला मला चार दिवस लागले.

तुझं पत्र टपालवाल्याने मामाजींच्या हातात दिलं. मी धान पाखडत होते. ते दारापुढच्या छपरीत बसले, चष्मा लावला आणि अख्खं पत्र वाचलं. दोनदा. चाकूचा भाग तीनदा. मग मला हाक मारली. "सुनबाई, तुह्या भावाचं पत्र आलं." मी पदर ओढून उभी. म्हणाले, "अक्षर कोनतं कोरलं, हे लिवलं नाही." शामकला आत भाजी चिरत होती, तिचा विळीचा आवाज तेवढा थांबला.

रागावले का, ते मला कळत नाही. तुला माहीत आहे, शामकला एकोणीस पुरी झाली आणि मामाजींनी आतापर्यंत सात स्थळं परत पाठवली. एकाला पानात चुना जास्त लागला म्हणून. एक बैलाला मागून हाकारत होता म्हणून. गेल्या रविवारी अर्जुनीचा चैतराम सायकलवर आला. दिसायला बरा, बोलायला गोड. मामाजींनी पुढे पेरू ठेवला. त्याने तो दाताने फोडला. तो गेल्यावर मामाजी एवढंच म्हणाले, "मानसाच्या खिशात चाकू नसावा?" तरी शामकलेच्या आईच्या, आत्याबाईंच्या मनात त्याचंच आहे, सायकलमुळे.

तुझ्याबद्दल मी हिंमत करून विचारलं. म्हणाले, "त्याले म्हन, चाकू घेऊन ये. पायतो." मला वाटतं चाकू मागे घेऊन तुला वाटेला लावायचं असेल. त्यांना तो तुला द्यायचाच नव्हता. सहा वर्षं झाली, अजून सुपारी फोडताना हात खिशाकडे जातो आणि रिकामा परत येतो.

तर ये. पण डोकं केशोरीला ठेवून ये. आणि पत्रात असलं काही लिहू नकोस, इथे सगळे वाचतात.

सुशिला

ता. क. ती काही म्हणाली नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं.


केशोरी, ता. २५ फेब्रुवारी १९३५

बाई,

तुझं पत्र वाचून माझं टाळकं सरकलं. चाकू मागे घेणार? कोणत्या कायद्याने? मी तो कानाच्या हक्काने मिळवला आहे. मांडवात, वाजंत्रीसमोर, दीडशे माणसांदेखत. भाऊजींचा कान साक्षीला आहे. पंचायत बसवा, मी उभा राहतो. शामकला द्यायची नसेल तर तोंडावर सांगा. चाकूच्या आडून बोलू नका.

हे कालचं. काल पत्र टाकलं नाही हे बरं झालं. आज माय म्हणाली, "बोलावलं तर जाय. चाकू असा घासून ने का त्याइले लाज वाटली पायजे मागाची." मायचं मला पटलं.

तेव्हापासून मी दुसरं काही केलेलं नाही. पात्यावर कच्च्या पेरूचे काळे डाग होते, ते लिंबू आणि चुलीतल्या राखेने काढले. मुळाशी, जिथे पातं खिळ्यावर फिरतं, तिथे नागपूरचा मळ होता. काडीला चिंधी गुंडाळून पुसला. शिंगाला मेण. पितळेला चिंच. धार वस्तऱ्याच्या दगडावर, पाणी घालून, पुढे दहा वेळा, मागे दहा वेळा. आता हाताचे केस निघतात. डावा हात साफ झाला आहे.

आणि शेवटी दोन्ही पाती पूर्ण उघडली, मुळाशी घरचं जवसाचं तेल चांगलं पळीभर ओतलं आणि आठ दिवस उन्हात ठेवणार आहे, म्हणजे अगदी आतपर्यंत मुरेल. तेल घाण्यावरचं ताजं आहे. कंजुषी केली असं कोणी म्हणू नये.

होळीआधी, १० मार्चला येतो. चैतरामाला सांग, सायकलीची घंटी जपून वाजव.

जागेश्वर


कामठा, ता. २ मार्च १९३५

जागेश्वर, घाईत लिहिते, डाक निघायची आहे.

तुझं पत्र या वेळी माझ्याच हाती आलं. वाचत होते तर शामकला मागे उभी. जवसाच्या तेलाशी आली आणि मला म्हणाली, "वहिनी, आत्ता लिवा. जवसाचं नको म्हना." लहानपणापासून बाबांच्या चाकूला तेल तीच लावायची म्हणे. जवसाचं तेल उन्हात वाळून राळेसारखं होतं, आपल्या कढईचा कान नाही का चिकट होत, तसं. तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते: "तिळाचं तेल. एकच थेंब. कोंबडीच्या पिसाच्या टोकानं. मंग पातं दहादा उघडून मिटाचं आन पुसाचं. पळीभर म्हंजे का भजे तळाचे हायेत?"

ती एवढं लांब कधी बोलत नाही.

सुशिला


गोंदिया स्टेशन, ता. १० मार्च १९३५

सौ. सुशिलाबाई,

यापुढे मी कामठ्याला येणार नाही. तू माझी बहीण आहेस, तू केशोरीला येत जा.

तू बोडीच्या पाण्यावर धुणं धुवायला गेली होतीस म्हणे, म्हणून तुला घडलेलं माहीत नसेल. सगळं सांगतो.

तुझं जवसाचं पत्र निघायच्या दिवशी सकाळी मिळालं. तोपर्यंत चाकू आठ दिवस उन्हात बसून लाकडाचा झाला होता. मोठं पातं उघडं ते उघडंच. जोर लावला तर अंगठा कापला, बऱ्यापैकी. मायने त्यावर हळद दाबली, ती मनगटापर्यंत आली, सदऱ्यावरही आली. मंगरू लोहाराकडे गेलो. तो म्हणाला, "हातोडी मारू का?" मी म्हटलं, "मार, मंग मी तुले मारतो." तिथून तसाच गाडीला निघालो, कारण मी दिवस कळवला होता आणि मी शब्द मोडत नाही. उघडा चाकू खिशात कसा ठेवणार? टोकाला एक लिंबू खोवलं, कोणाला लागू नये म्हणून, आणि हातात धरला.

अर्जुनीपासून गाडीत लोकांनी फार मान दिला. डब्यात शिरलो तशी जागा झाली. "बसू द्या, बसू द्या, त्याइले बसू द्या." मला वाटलं माझ्या चेहऱ्याचा दरारा. एका म्हातारीने माझ्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि विचारलं, "पोरगी कोन्या गावची?" मी थक्क झालो. चेहऱ्यावर इतकं लिहिलेलं असतं का? म्हटलं, कामठ्याची. सगळ्या बायका हसल्या. एकीने गाणंच धरलं. मी तर खूश होऊन बसलो होतो.

कामठ्यात तुमच्या दारी आलो. मामाजी छपरीत. शेजारच्या अनुसयाबाई भिंतीवरून पाहत होत्या. मामाजी माझ्या हाताकडे पाहून म्हणाले, "हे कधी झालं?" मी म्हटलं, "काल." "घरून काही सांगतलं नाही." मी म्हटलं, "यात का सांगाचं? लहानसी गोष्ट. आठ दिवसांत निंगून जाते." त्यांचं तोंड लाल झालं. "लहानसी गोष्ट?" मी म्हटलं, "मायलेकांनी घरच्या घरी भागवलं." त्यावर ते उठले. "मंग अठी कायले आला?" "तुमीच बोलावलं, चाकू दाखवाले." "पायला. जाय आता." आणि दार लावलं. माझ्या तोंडावर. आतून पातेलं पडल्याचा आवाज आला.

पाणीसुद्धा विचारलं नाही. एक चाकू मिटत नाही म्हणून माणसाला दारातून घालवतात? आतून वाटलं होतं ओरडावं, पण बोललो नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा बोललो नाही, हे लिहून ठेव. कोस कोस चालत गोंदियाला आलो, लिंबू तसंच.

चैतरामाला द्या पोरगी. सायकलवर नेईल.

जागेश्वर


कामठा, ता. १३ मार्च १९३५

अरे येड्या,

हात हळदीचा. सदरा हळदीचा. मुठीत उघडं पातं, टोकाला लिंबू. लग्नसराईचा महिना. आपल्याकडे असा कोण फिरतो, हे तुला कॉलेजात शिकवायला हवं होतं का? हळद लागलेला नवरदेव फिरतो! नजर लागू नये म्हणून त्याच्या हाती कट्यार देतात, तिला लिंबू खोवतात. तुझ्या भाऊजींच्या हातातली तू स्वतः पाहिली होतीस, त्याच मांडवात कान पिळताना.

तुला वेशीतून येताना पाहून अनुसयाबाईंनी आधीच आळीभर सांगितलं होतं की केशोरीच्या पोराचं दुसरीकडे जमलं आणि वरून तो मिरवायला आला. त्यात तू मामाजींना म्हणालास, लहानशी गोष्ट, घरच्या घरी भागवलं. मी बोडीवरून येईपर्यंत घरात सुतक पडल्यासारखं होतं. पातेलं शामकलेच्या हातातून पडलं. ती चूल सोडून माडीवर जाऊन बसली. मामाजी छपरीत एकच गोष्ट परत परत म्हणत होते: "माह्या चाकूले लिंबू खोवून, माह्याच दारात."

जेवणं उरकली तरी ती खाली आली नाही. मग आली, ती सरळ बाबांसमोर उभी राहिली. ही जी सात स्थळांसमोर मान खाली घालून बसली, ती. म्हणाली, "बाबा, करवला कोठी होता?"

मामाजी म्हणाले, "कोनाचा?"

"नवरदेव एकटा फिरते का? ना करवला, ना मुंडावळी. हळद एकाच हाताले. आन कट्यार सोडून खिशातला चाकू काऊन? त्याचा चाकू मिटत नसन. जवसाचं तेल घातलं ना त्यानं. पळीभर."

मामाजींनी हातातली सुपारी खाली ठेवली. मग म्हणाले, "पळीभर?" आणि हसायला लागले ते असे की आत्याबाई धावत आल्या, त्यांना वाटलं ठसका लागला.

पण आता खरी गोष्ट ऐक. आज तुझं गोंदियाचं पत्र आलं, ते मामाजींनी मोठ्याने वाचलं आणि आजेसासूबाई, धुरपताबाई, कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "हळद लागली. निंबू लागला. गाडीतल्या बायांनी बोटं मोडली, गानं म्हटलं. पोरीचं गावही त्यानं आपल्या तोंडानं सांगतलं. आता लगन न करता तसाच ठेवाल तं दोष कोनाले?" मामाजी म्हणाले, "ते खरी हळद नोहोती, माय." तर म्हणतात, "हळद का खोटी राह्यते?"

मामाजींचा निरोप: ज्या दिवशी चाकू मिटेल त्या दिवशी यावं. हातोडी लावली तर येऊ नये.

शामकलेचा निरोप नाही. पण मी हे लिहीत असताना ती म्हणाली की वाळलेलं जवस घासलेटानं सुटतं, तीन दिवस बुडवून ठेवावं लागतं, आणि अंगठ्याला पाणी लागू देऊ नये.

सुशिला


केशोरी, ता. २५ मार्च १९३५

बाई,

तीन दिवस घासलेटात ठेवला. चौथ्या दिवशी पातं केसभर हललं. पाचव्या दिवशी अर्धं. मी जोर लावला नाही. मला माहीत आहे तू विश्वास ठेवणार नाहीस, पण मी दिवसभर त्याच्यासमोर बसलो आणि जोर लावला नाही. आज सकाळी मिटला. टच्च. बाबा ढवळ्याला म्हणाले, "आयकलं का?" मग सात आठवड्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

मग तिळाचं तेल, एक थेंब. कोंबडीचं पीस मिळवायला फार पळावं लागलं.

रविवारी येतो. करवला सोबत आणतो, म्हणजे गैरसमज नको.

जागेश्वर


केशोरी, ता. ९ मे १९३५

सौ. बाई,

लग्न होऊन पाच दिवस झाले आणि माझा डावा कान अजून उजव्याहून मोठा आहे. तू मांडवात होतीस. हसत होतीस, ते मी मुंडावळ्यांतून पाहिलं.

शामकलेचा भाऊ म्हणजे तुझा नवरा, हे मी विसरलो होतो. भाऊजी सहा वर्षांपासून त्या दिवसाची वाट पाहत होते. त्यांचा हात म्हणजे लोहाराची सांडशी. बाबांनी धोतर पुढे केलं. "नको." फेटा. "नको." मी हळूच म्हटलं, भाऊजी, लोक पाहतात. ते म्हणाले, "तवाही पाहतच होते." आणि माझ्या खिशाकडे पाहिलं.

मी मामाजींकडे पाहिलं. ते मांडवाच्या छताकडे पाहत होते, अगदी देवमाणसासारखे. तेव्हा मला "चाकू घेऊन ये, पायतो" याचा अर्थ कळला. सात स्थळं परत पाठवली, त्यांच्यापैकी कोणाच्या खिशात मामाजींचा चाकू नव्हता.

मी दिला, आणि भाऊजींनी तो तिथेच मामाजींच्या हातात ठेवला. एवढ्या सहज दिला असं वाटू देऊ नकोस. कान बराच वेळ टिकला. शामकला शेजारी उभी होती, शालूच्या आडून एवढंच म्हणाली, "द्या ना. कान कापाले चाकू लागन मंग."

इथे आल्यावर तिची पेटी उघडली तर वर तिळाच्या तेलाची बाटली आणि चिंधीत गुंडाळलेलं पीस. तिला वाटलं होतं चाकू सोबत येईल. आता ते पीस देवळीत ठेवलं आहे. मी पेन्सिल विळीवर तासतो.

मामाजींना नमस्कार सांग. चाकूला सांगू नकोस.

जागेश्वर


कामठा, ता. २२ जुलै १९३५

चि. जागेश्वर आणि चि. सौ. शामकला, दोघांना आशीर्वाद. मी खुशाल आहे. हे पत्र आमच्या गड्यासोबत, मनिरामासोबत पाठवते, तो धानाच्या रोवणीच्या मजुरांसाठी तिकडे येत आहे. त्याच्याकडे एक पुरचुंडी आहे, ती उघडा.

मामाजींनी चाकू पाठवला आहे. पोरीच्या लग्नानंतर आठ दिवस मोठ्या थाटात फिरले. ज्याला त्याला काढून दाखवायचे, टच्च वाजवायचे. मग खिशातच राहू लागला. गेल्या आठवड्यात पाहिलं तर ओल धरली आहे, मुळाशी तांबूस पडलं आहे. मी म्हटलं, मी तेल लावते. म्हणाले, "तुले जमनार नाही." आत्याबाई म्हणाल्या, मी लावते. "तुलेही नाही." तिळाचं तेल घरात डबाभर आहे.

काल सुपारी फोडून झाल्यावर बराच वेळ चाकू हातात धरून बसले. मग मला म्हणाले, "सुनबाई, लिव. चाकू बिघडला. शामकला गेल्यापासून त्याले पायनारं कोनी नाही. तेल लावून महिन्याभरात वापस पाठवाचा. मंग पुन्हा बिघडन, तवा पुन्हा पाठवू." आणि "बाकी खुशाल" हे त्यांनी दोनदा लिहायला सांगितलं, म्हणून मी दोनदा लिहिते. बाकी खुशाल. बाकी खुशाल.

सुशिला


केशोरी, ता. २९ जुलै १९३५

सुशिलाबाई,

चाकू पोहोचला. मी पुरचुंडी सोडत होतो, तिने हातातून घेतली. पातं उघडून खिडकीशी नेलं, तांबूस पाहिलं आणि म्हणाली, "बाबांनी मुद्दाम ओलं ठेवलं." मी विचारलं, कशावरून? म्हणाली, "माह्या बापाच्या हातून चाकू कधी ओला राहिला नाही."

तिचा अंगठा त्या घासलेल्या खळग्यात बरोबर बसतो. मामाजींच्या जागी. माझा अजून जरा पुढे पडतो.

चार दिवस झाले. राखेने तांबूस काढून झालं आहे. बाटली काढली, पीस काढलं, शेजारी मांडून ठेवलं. तेल अजून लावलेलं नाही. आज विचारलं तर म्हणते, "लावलं का वापस पाठवा लागन."

तेव्हा मामाजींना असं कळव की चाकू फारच बिघडला आहे. महिन्यात होण्यासारखा नाही. मनिरामाला किंवा आणखी कोणाला घ्यायला पाठवू नका, दुसऱ्याच्या हाती देणार नाही, आणि याबद्दल माझ्याशी वाद घालायचा असेल तर मी तयार आहे. घ्यायचा असेल तर स्वतः यावं. परसात पेरू पिकून राहिले आहेत, आणि कापायला या घरात दुसरा चाकू नाही.

जागेश्वर